तेल किलोत घ्यायचं की लिटरमध्ये? पिप्यापासून चमच्यापर्यंतचा पूर्ण हिशोब

एक लिटर तेल म्हणजे एक किलो तेल नाही. हे तसं सगळ्यांना माहीत असतं, पण दुकानात उभं राहिलं, मागे दोन माणसं थांबलेली असली की डोक्यातून निघून जातं आणि १५ लिटरचा पिपा १५ किलोच्या भावाशी ताडून घरी येतो. आपल्या नागपुरात तर गोंधळाला भरपूर जागा आहे. इतवारीत ठोकवाले किलोचा भाव सांगतात, गल्लीतल्या किराण्यात पाऊच लिटरचा, घाणीवर फल्ली (शेंगदाणा) तेल आणि जवसाचं तेल परत किलोने, मोबाईलवरच्या रेसिपीत कप, आणि डॉक्टर सांगणार रोज इतके चमचे. तेल एकच आहे पण मापं चार. म्हणून हे सगळं एका जागी, एकमेकांत कसं बदलायचं ते नीट लिहितो आहे. वहीत उतरवून ठेवा, खरंच कामात येतं.

आधी मुळातली गोष्ट. पाणी एक लिटर घेतलं तर वजन जवळपास एक किलो भरतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तर रस्स्यावर तर्री तरंगते. किती हलकं? आपण स्वयंपाकात वापरतो ती बहुतेक सगळी तेलं, म्हणजे सोयाबीन, सूर्यफूल, फल्ली, करडी, मोहरी, तीळ, ही लिटरला ९१० ते ९२० ग्रॅमच्या आसपास भरतात. पाऊचवर बारीक अक्षरात '१ लिटर / ९१० ग्रॅम' लिहिलेलं असतं ते याच्यामुळेच. जवसाचं तेल तेवढं थोडं जड, लिटरला साधारण ९३० ग्रॅम. तेला-तेलातला फरक लिटरमागे पाच-दहा ग्रॅमचाच आहे, घरच्या हिशोबाला तो सोडून द्या आणि सरसकट ०.९१ हा एकच आकडा धरा. जवस असेल तर ०.९३.

आता पहिली पायरी, दोन वाक्यं पाठ करायची. लिटरचे किलो करायचे असतील तर ०.९१ ने गुणायचं. किलोचे लिटर करायचे असतील तर ०.९१ ने भागायचं. बस. पण दुकानात गुणाकार भागाकार कोण करत बसतो, म्हणून तोंडी करायची रीत अशी: लिटरवरून किलोकडे जाताना ९ टक्के कमी करा, किलोवरून लिटरकडे जाताना १० टक्के वाढवा. ५ लिटरचा कॅन आहे, दहा टक्के काढले की साडेचार, त्यात एक टक्का परत टाकला की ४.५५ किलो. १५ किलोचा पिपा आहे, दहा टक्के म्हणजे दीड, झाले साडेसोळा लिटर.

इथे एक जागा आहे जिथे लोक हमखास घसरतात. जाताना ९ टक्के कमी केले म्हणून येतानाही ९ टक्केच वाढवतात. ते चुकतं, काहून की टक्के ज्या आकड्याचे काढतो तो आकडाच बदललेला असतो. १५ किलोवर ९ टक्के वाढवले तर १६.३५ लिटर येतात, खरे आहेत १६.४८. सव्वाशे मिलीचा फरक पडला. एका पिप्यात काही नाही, पण मेस चालवणाऱ्याला महिन्याभरात तो दिसतो.

रोज लागणारे आकडे एकदाच देऊन टाकतो, परत परत काढायला नको:

२०० मिली म्हणजे १८२ ग्रॅम
अर्धा लिटर म्हणजे ४५५ ग्रॅम
१ लिटर म्हणजे ९१० ग्रॅम
२ लिटर म्हणजे १ किलो ८२० ग्रॅम
५ लिटर म्हणजे ४ किलो ५५० ग्रॅम
१५ लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम
पाव किलो म्हणजे २७५ मिली
अर्धा किलो म्हणजे ५५० मिली
१ किलो म्हणजे १,१०० मिली
१५ किलो म्हणजे साडेसोळा लिटर

यातला १५ चा जोड सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्यावर थोडं थांबतो. बाजारात १५ किलोचा पिपाही मिळतो आणि १५ लिटरचाही, दोन्ही पत्र्याचे, दोन्ही चौकोनी, लांबून पाहिलं तर सारखेच दिसतात. फरक आहे १ किलो ३५० ग्रॅमचा, म्हणजे जवळपास दीड लिटर तेल. समजा किलोवाला पिपा २,४०० रुपयाला आहे आणि लिटरवाला २,२५० ला. वाटतं दीडशे रुपये वाचले. पण हिशोब करा: २,४०० भागिले १५, किलोला १६० रुपये. २,२५० भागिले १३.६५, किलोला जवळपास १६५ रुपये. जो स्वस्त दिसत होता तोच महाग निघाला. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा, "भाऊ, नेट किती किलो आहे?" पिप्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात, त्यातला किलोचा आकडा वाचायचा आणि किमतीला त्याने भागायचं. कोणत्याही कंपनीचा, कोणत्याही साइजचा माल असो, तुलना फक्त किलोच्या भावाने करायची, माझा यावर पक्का विश्वास आहे, आणि का ते पुढे उष्णतेच्या भागात कळेल.

लग्नकार्यात हा फरक आणखी टोचतो. आचारी यादीत लिहून देतो 'तेल ३ पिपे' आणि यादी घेऊन जाणारा असतो घरातला एखादा पोरगा. आचाऱ्याच्या डोक्यात १५ किलोचे पिपे, पोरगा घेऊन येतो १५ लिटरचे. चार किलो तेल तिथेच कमी पडलं. मग पंगत बसलेली असताना, वडाभातावर टाकायच्या फोडणीच्या तेलासाठी कोणाला तरी गाडी काढून पळावं लागतं. यादीत पिपे लिहूच नका, सरळ '४५ किलो' लिहा. आचाऱ्यालाही विचारून घ्या की काका तुम्ही किलो धरून राहिले का लिटर.

पाऊचची गोष्ट थोडी वेगळी आहे. पूर्वी ठरलेल्या साइजमध्येच तेल पॅक करायचं बंधन होतं, ते आता राहिलं नाही, त्यामुळे ८००, ८५० ग्रॅमचे पाऊचही रॅकवर असतात आणि ते दिसायला अगदी लिटरच्या पाऊचसारखे. ८५० ग्रॅम म्हणजे ९३४ मिली, ८०० ग्रॅम म्हणजे ८८० मिली. समजा ८५० ग्रॅमचा पाऊच १४२ रुपये आणि लिटरचा १५० रुपये. १४२ भागिले ८५० केलं तर ग्रॅमला १६.७ पैसे. १५० भागिले ९१० केलं तर १६.५ पैसे. आठ रुपये कमी मोजूनही तेल महागच पडलं. आता पॅकवर युनिट सेल प्राइस म्हणून ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापावा लागतो, तो शोधून वाचा. फक्त एक लक्षात ठेवा की एका पॅकवर ग्रॅमचा भाव आणि दुसऱ्यावर मिलीचा असेल तर ते थेट ताडून चालत नाही, मिलीच्या भावाला आधी ०.९१ ने भागा, मग तो ग्रॅमचा भाव होतो.

उष्णतेने तेल फुगतं, आणि आपल्याकडे उष्णता म्हणजे काय ते सांगायला नको

तेल तापलं की पसरतं. वजन तेवढंच राहतं, पण जागा जास्त घेतं. सोयाबीन तेलाचे आकडे पाहा: २१ अंशाला एक लिटरचं वजन ९१९ ग्रॅम आणि ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. म्हणजे तापमान एक अंशाने वाढलं की लिटरमागे साधारण पाऊण ग्रॅमपेक्षा थोडं कमी वजन घटतं. ऐकायला काहीच नाही. पण काही कंपन्या पाऊचवर 'अमुक अंश तापमानाला १ लिटर' असं लिहून, ते तापमान ६० अंशापर्यंत दाखवत होत्या, म्हणजे लिटर लिहायला मोकळे आणि तेल कमी. म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये तेल कंपन्यांना सांगितलं की तापमान लिहू नका, लिटरसोबत वजन लिहा आणि ते वजन बरोबर असलं पाहिजे, आणि लेबल बदलायला १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. मला हा निर्णय फार चांगला वाटतो, कारण ग्राहकाच्या हातात तपासता येईल असा आकडा आला. लिटर घरी तपासणं कठीण, ग्रॅम कोणीही तपासू शकतं.

आता हे नागपूरला लावून पाहू. जानेवारीच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या दुपारी ४५ अंश. वरच्या हिशोबाने १२ अंशाला लिटरभर तेल ९२५ ग्रॅम आणि ४५ अंशाला ९०३ ग्रॅम. तोच १५ किलोचा पिपा थंडीत १६.२ लिटर आणि उन्हाळ्यात १६.६ लिटर, ४०० मिलीचा फरक, आणि तेलाचा एक थेंबही वाढला नाही की कमी झाला नाही. याच्यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, कोणी मापाच्या भांड्याने तेल देत असेल तर उन्हाळ्यात तुम्हाला लिटरमागे वीस-बावीस ग्रॅम कमी मिळतं, म्हणून घाणीवर काट्यावर तोलूनच घ्या, बहुतेक घाणीवाले तोलूनच देतात. दुसरं, हिवाळ्यात कॅन किंवा बरणी गळ्यापर्यंत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावून ठेवू नका, पाच लिटरच्या कॅनमध्ये मे महिन्यात सव्वाशे मिलीच्या आसपास तेल वर येतं आणि झाकणातून पाझरतं. दोन बोटं जागा सोडा.

कढईत तर हे अजून जास्त होतं. तळणीचं तेल १८० अंशाच्या आसपास असतं, तेव्हा घरातल्या तापमानाचं एक लिटर तेल फुगून ११०० ते ११५० मिली झालेलं असतं. त्यात ओलं पीठ पडलं की फेस वेगळा. म्हणून कढई थंड तेलाने अर्ध्याच्या वर भरायचीच नाही. आणि गरम तेल कधीच मापाने मोजायचं नाही. पुडाच्या वडीच्या पारीला किंवा शंकरपाळ्याला कडकडीत मोहन घालतो ना, ते आधी थंड असताना मोजून घ्या आणि मग तापवा. दोन टेबलस्पून मोहन म्हणजे २७ ग्रॅम, हे थंड तेलाचं माप आहे.

चमचा, कप आणि घरची पळी

स्टँडर्ड टीस्पून ५ मिलीचा, म्हणजे तेल साडेचार ग्रॅम. टेबलस्पून १५ मिली, म्हणजे साडेतेरा ग्रॅमपेक्षा जरासं जास्त. कपाचा घोळ आहे, कोणाचा २४० मिली तर कोणाचा २५०. २४० चा कप धरला तर तेल २१८ ग्रॅम, २५० चा धरला तर २२७ ग्रॅम. केकच्या रेसिपीत अर्धा कप तेल लिहिलं असेल तर ११० ग्रॅम तोलून टाका, दोन्हीकडून चालतं. भाजी-फोडणीला एवढी काटेकोरी नको, पण केक, बिस्किटं, लोणचं यात तेल तोलूनच घ्यावं असं मला मनापासून वाटतं. लोणच्यात तर तेल फोडींच्या वर आलं नाही तर बुरशी धरते, म्हणून यादी करतानाच किलोचे मिली करून पाहा आणि बरणीत तेवढी जागा आहे का ते आधीच बघा.

खरी अडचण स्टँडर्ड चमच्याची नाहीच, आपण फोडणी देतो ती पळीने. प्रत्येक घरातली पळी वेगळी. तर एकदा बसून आपली पळी मोजून टाका, असं:

किचनचा डिजिटल काटा घ्या, दोन-तीनशे रुपयाच्या आसपास मिळतो. तेलाची बरणी झाकण काढून काट्यावर ठेवा, वजन लिहा. आता रोज काढता तशी, उगाच कंजुषी न करता, पळी भरून तेल दुसऱ्या वाटीत काढा. एक नाही, दहा पळ्या काढा. परत बरणीचं वजन करा. जेवढं कमी झालं त्याला दहाने भागा, ते तुमच्या एका पळीचं वजन. वाटीचं वजन करण्यापेक्षा बरणीचं का करायचं, तर पळीला आणि वाटीला तेल चिकटून राहतं, पण बरणीतून जे गेलं ते गेलंच. आणि दहा पळ्या अशासाठी की स्वस्तातले काटे एक-दोन ग्रॅम इकडे तिकडे दाखवतात, दहा घेतल्या की ती चूक दहा ठिकाणी वाटली जाते. आलेल्या ग्रॅमला ०.९१ ने भागलं की मिली. पळीच्या दांड्यावर परमनंट मार्करने लिहून ठेवा, किंवा ओट्याच्या वर चिठ्ठी लावा.

हे का करायचं? कारण मग घरात तेल किती लागतं ते कळतं. माणशी महिन्याला अर्धा लिटर, हे बरेच डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतात. अर्धा लिटर म्हणजे ४५५ ग्रॅम, तीस दिवसांनी भागलं तर रोज १५ ग्रॅम, म्हणजे १६-१७ मिली, छोटे चमचे तीन आणि वर थोडंसं. चार माणसांच्या घराला महिन्याला दोन लिटर. आता या हिशोबाने १५ किलोचा पिपा आठ महिने जाईल. पिपा एकदा फोडला की एवढा काळ, त्यात नागपूरचा उन्हाळा मधे आला, तर तेल खवट व्हायला लागतं. चौघांच्या घरात पाच लिटरचा कॅन पुरे, पिपा मोठ्या एकत्र कुटुंबाने किंवा डबे देणाऱ्यांनी घ्यावा. आणि सावजी रस्सा महिन्यातून एखाद्या वेळी करायचा असेल तर त्याचं तेल वेगळं तोलून बाजूला काढा, नाहीतर महिन्याचा सगळा अंदाज त्या एका दिवसात वाहून जातो.

तळणात किती तेल जिरलं हेही वजनानेच कळतं. तळायच्या आधी कढईत टाकलेलं तेल तोला, तळून झाल्यावर पूर्ण थंड होऊ द्या, गाळा, परत तोला. समजा ६०० ग्रॅम टाकलं आणि ५१० उरलं, ३० पुऱ्या झाल्या, तर ९० ग्रॅम गेलं, पुरीमागे ३ ग्रॅम. थोडं तेल कढईला आणि गाळणीला लागून राहतं, ते धरूनच चाला. गरम कढई मात्र काट्यावर ठेवू नका, काटा तर वितळतोच पण हातही भाजतो.

आपल्या तेलाचा नेमका आकडा काढायचा असेल तर

घाणीचं तेल असेल, दोन तेलं मिसळलेली असतील, तर ०.९१ वर न थांबता स्वतः काढता येतं, सोपं आहे. एक स्वच्छ कोरडी बाटली घ्या, अरुंद तोंडाची असली तर उत्तम. रिकामीचं वजन करा. गळ्यावर मार्करने रेघ ओढा, रेघेपर्यंत पाणी भरा, वजन करा. पाणी ओतून बाटली पूर्ण वाळू द्या, हे नीट करा, आत पाणी राहिलं तर आकडाही चुकतो आणि तेलही खराब होतं. मग त्याच रेघेपर्यंत तेल भरा, वजन करा. उदाहरणार्थ रिकामी ६० ग्रॅम, पाण्यासकट ५६०, तेलासकट ५१६. पाणी झालं ५०० ग्रॅम, तेल ४५६. ४५६ भागिले ५००, आलं ०.९१२. हाच तुमच्या तेलाचा आकडा. पाणी आणि तेल दोन्ही एकाच खोलीत आधी तास-दोन तास ठेवलेलं असावं, एक माठातलं आणि एक उन्हातलं असं नको. ०.९० ते ०.९३ च्या बाहेर काही आलं तर आधी काटा आणि रेघ तपासा. या आकड्यावरून भेसळ मात्र ओळखता येत नाही, कारण पाम तेलसुद्धा याच टप्प्यात बसतं, ते लॅबचंच काम.

खोबरेल आणि तुपाला मापच लावू नका. खोबरेल २४ अंशाच्या खाली गोठतं, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत बरणीत दगडासारखं होतं, चमच्यात कधी डोंगर येतो तर कधी पोकळी. रवाळ साजूक तुपाचंही तेच. पातळ झाल्यावर तेही ०.९१ च्या जवळपासच, पण घट्ट असताना फक्त वजन.

पाऊच कमी भरला तर

भरलेला पाऊच तोला, तेल काढून घेतल्यावर रिकामा पाऊच निथळून तोला, वजाबाकी करा आणि छापलेल्या ग्रॅमशी ताडा. ५०० ते १००० ग्रॅम किंवा मिलीच्या पॅकमध्ये एखाद्या नगात १५ पर्यंतची तूट नियमात चालते, त्यामुळे ९१० च्या जागी ९०२ आलं तर दुकानदाराशी भांडू नका, दुसऱ्या पाऊचचं वजन करून पाहा. दोन-तीन पाऊच सारखेच कमी भरले, किंवा एकातच तीस-चाळीस ग्रॅमची तूट असली, तर ती सोडू नका. एक पाऊच न फोडता ठेवा, बिल जपा, बॅच नंबर आणि काट्यावरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) करता येते, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तिथे सांगताना 'तेल कमी वाटलं' असं नका सांगू, छापलेलं वजन किती, भरलेलं किती आणि फरक किती ग्रॅमचा, हे तीन आकडे सांगा.